लग्न, ब्रह्मचर्य, मूल : तत्त्वाचं भांडण पुरे, व्यवहाराचं बोला

तांबडी_माती (धागाकर्ती)

‘मूल हवंच का’ या विषयावर इथे दर पावसाळ्यात एक धागा उगवतो आणि संस्कृती विरुद्ध स्वातंत्र्य या नेहमीच्या खड्ड्यात जाऊन पडतो. हा धागा त्यासाठी नाही. जोडप्याने मूल नको ठरवलं, पाच वर्षांनी हवं ठरवलं, शरीरसंबंधच नको ठरवलं, किंवा एकाने एक आणि दुसऱ्याने भलतंच ठरवलं, तर पुढे दवाखान्यात, कोर्टात, मृत्युपत्रात नक्की काय करावं लागतं? ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. स्वानुभव नकोत. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारे प्रतिसाद वाचले जाणार नाहीत, आधीच सांगते.

पाटीलबुवा

संयम. खर्च शून्य, साइड इफेक्ट शून्य. धागा बंद करा.

गिरगाव_चौपाटी

बुवा, हा वाद आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी झालाय, आणि आताच्यापेक्षा बऱ्या पातळीवर. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे होते. हरले, पण वकीलपत्र घेतलं हे महत्त्वाचं.

दुसरीकडे गांधीजी. १९०६ मध्ये ब्रह्मचर्याचं व्रत, तेही लग्न झालेलं आणि चार मुलगे असताना. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेतली संततिनियमनाची पुरस्कर्ती मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटायला आली. तिचं म्हणणं, बाईच्या हातात साधन द्या. त्यांचं म्हणणं, बाईला नवऱ्याला नकार द्यायला शिकवा. बरीच ओढाताण झाल्यावर त्यांनी एवढं मान्य केलं की पाळीच्या हिशेबाने ‘सुरक्षित दिवस’ पाळणं त्यांना साधनांइतकं वावगं वाटत नाही, कारण त्यातही महिन्यातले काही दिवस संयम असतोच.

गंमत अशी की नको असताना मूल जन्माला घालू नये, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते संबंध आणि संतती यांची फारकत करावी की नाही यावर. कर्व्यांचं उत्तर सरळ होतं: करावी, आणि सुखावर बाईचा हक्क पुरुषाइतकाच. आजची बहुतेक जोडपी आचरणात कर्व्यांची आणि बोलण्यात गांधींची असतात.

सुईण_२०

‘सुरक्षित दिवस’ आलेच आहेत तर ते नीट सांगते, कारण या एका प्रकरणावर जितकं अज्ञान आहे तितकं दुसऱ्या कशावर नाही.

शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, स्त्रीबीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे महिन्यातले साधारण सहा दिवस गर्भधारणेचे. अडचण ही की बीज कधी सुटणार ते आधी कळत नाही. बीज सुटल्यानंतर साधारण १४ दिवसांनी पाळी येते हे बरंचसं पक्कं. पाळीपासून बीज सुटेपर्यंतचे दिवस मात्र मागेपुढे होतात. ‘पाळीच्या चौदाव्या दिवशी’ हे फक्त २८ दिवसांचं चक्र असलेल्या बाईला लागू, आणि तिलाही दर महिन्याला नाही.

प्रत्यक्षात वापरायच्या तीन रीती:

एक, दिवस मोजणं. चक्र कायम २६ ते ३२ दिवसांत बसत असेल तरच. पाळीचा पहिला दिवस म्हणजे १. आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंत, दोन्ही धरून, संबंध नाही किंवा निरोध. वर्षात दोनदा चक्र या मर्यादेबाहेर गेलं की ही रीत सोडायची.

दोन, तापमान. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, रोज एकाच वेळी. बीज सुटल्यावर ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढ होते. चढलेलं तापमान सलग तीन दिवस टिकलं की मग मोकळीक. म्हणजे पाळीनंतरच्या दिवसांबद्दल ही रीत काहीच सांगत नाही.

तीन, स्राव बघणं. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसला की ते दिवस धोक्याचे.

दोन आणि तीन एकत्र, शिकवणाऱ्याकडून शिकून, रोज नोंद ठेवून केलं तर बऱ्यापैकी चालतं. फसतं कुठे? रात्रपाळी, ताप, दारू, अपुरी झोप यांनी तापमान बिघडतं. पीसीओडीत चक्रच बेभरवशाचं. बाळंतपणानंतर पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे ‘अजून पाळी आली नाही’ हा आधार नव्हे. मोबाइलमधलं अॅप मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधतं, त्याला या महिन्याचं काहीही ठाऊक नसतं. आणि सगळ्यात मोठं कारण, संयमाच्या सहाव्या दिवशी नवऱ्याचं ‘आजच्या दिवस चालेल’.

पाटीलबुवा

म्हणजे शेवटी संयमच.

सुईण_२०

महिन्यातल्या काही दिवसांपुरता, आणि दोघांचा. तो जमणारी जोडपी आहेत. एकट्या बायकोवर ढकललेला संयम जमत नाही.

सेवाग्राम_रोड

बुवांना सगळे धुतायत म्हणून थोडं त्यांच्या बाजूने. लग्नात राहून ब्रह्मचर्य पाळणारी जोडपी खरंच आहेत: गांधीविचारातली जुनी मंडळी, ब्रह्माकुमारींकडे जाणारी, इतर पंथांतली. ज्यांचं टिकतं त्यांच्यात काही गोष्टी समान दिसतात.

निर्णय दोघांचा असतो. एकाला साक्षात्कार झाला म्हणून दुसऱ्याला कळवला असं नसतं. मुदत असते: आधी तीन महिने, मग वर्ष, मग पुढे. झोपायची व्यवस्था बदलते, वेगळी खोली नाहीतर निदान वेगळं अंथरूण. मोडायचा अधिकार दोघांनाही असतो आणि मोडल्यावर टोमणा नसतो. स्पर्श पूर्ण बंद करायचा की नाही, हे स्पष्ट बोललेलं असतं. काहींना मिठी चालते, काहींना नाही. हे गृहीत धरलं की वर्षभरात घर थंड पडतं.

एकतर्फी व्रताचं काय होतं त्याचं इतिहासातलं उदाहरण: १९३० च्या दशकात सिंधमधल्या हैदराबादेत ओम मंडळीच्या, म्हणजे पुढच्या ब्रह्माकुमारींच्या, बऱ्याच विवाहित बायकांनी ब्रह्मचर्य घेतलं. नवरे परगावी, परदेशी व्यापाराला. ते परत आले आणि गदारोळ झाला, विरोधात समिती उभी राहिली, कोर्टकज्जे झाले. त्या बायकांच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ आहे. त्या काळात नकार द्यायला धर्माशिवाय दुसरी जागा कुठे होती? पण व्यवहार म्हणून पाहिलं तर न विचारता केलेला करार तो.

समर्थांचं बरं होतं, ‘सावधान’ ऐकताच निघाले. सप्तपदी झाल्यावर सावध होणाऱ्यांचं अवघड आहे.

काळा_कोट

सेवाग्राम यांच्या शेवटच्या वाक्यावर कायद्याचं भाष्य. 😀

हिंदू विवाह कायद्यात ‘ब्रह्मचर्य’ किंवा ‘मूल नको’ असं स्वतंत्र कारण नाही. तीन वेगळ्या गोष्टींची लोक खिचडी करतात.

(क) नपुंसकतेमुळे संबंध होऊच शकला नाही. कलम १२(१)(अ), विवाह रद्दबातल ठरवून मागता येतो. इच्छा नसणं आणि क्षमता नसणं यात कोर्ट फरक करतं. मात्र एका विशिष्ट जोडीदाराबरोबरच असमर्थता असेल तर तीही यात येऊ शकते.

(ख) क्षमता आहे, पण नकार. ही क्रूरता, कलम १३(१)(आयए). सर्वोच्च न्यायालयाने समर घोष वि. जया घोष (२००७) मध्ये मानसिक क्रूरतेची उदाहरणं दिली आहेत. त्यात शारीरिक अक्षमता किंवा सबळ कारण नसताना बराच काळ संबंधाला एकतर्फी नकार, लग्नानंतर मूल न होऊ देण्याचा एकतर्फी निर्णय, आणि जोडीदाराला न सांगता, वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याने नसबंदी करून घेणं, या तिन्ही गोष्टी आहेत. तिन्हींत कळीचा मुद्दा ‘एकतर्फी’ हाच. दोघांनी मिळून ठरवलं असेल तर क्रूरता नाही. म्हणून ठरवलेलं कुठेतरी लिखित असावं. स्टॅम्प पेपर नको, करार म्हणून तो अमलात आणता येणार नाही. पण एकमेकांना पाठवलेला साधा ईमेल पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

(ग) लपवणं. आधीच नसबंदी झालेली असताना न सांगता लग्न केलं तर फसवणुकीचा, म्हणजे १२(१)(क)चा मुद्दा निघू शकतो. फसवणूक उघड झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही स्वखुशीने एकत्र राहिलं की तो हक्क जातो.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. मूल होऊ द्यायचं की नाही हा बाईचा निर्णय घटनेच्या कलम २१ खालच्या वैयक्तिक स्वातंत्र्यात येतो, असं सुचिता श्रीवास्तव (२००९) निकालात आहे. गर्भपातासाठी सज्ञान बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते. दवाखाने नवऱ्याची सही मागतात ती स्वतःच्या सोयीसाठी. म्हणजे कोणी तुमच्यावर मूल लादू शकत नाही, पण त्या निर्णयावरून घटस्फोट मागितला जाऊ शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

उंबरठा_ओलांडून

काळा कोट, (क) आणि (ख)च्या मधे मोठा प्रदेश आहे तो राहिला. लग्नाला दोन-तीन वर्षं होऊनही संबंध न झालेली कितीतरी जोडपी वकिलाकडे किंवा बाबाबुवांकडे जातात, आणि कारण निघतं व्हजायनिस्मस. प्रवेशाच्या वेळी योनीभोवतीचे स्नायू आपोआप घट्ट आवळले जातात. बाई मुद्दाम करत नाही. घरात त्याला ‘थंड आहे’ म्हणतात, किंवा ती स्वतःच ‘मला वैराग्य आलंय’ म्हणते.

यावर उपचार आहेत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल सोडायचे व्यायाम, मग पाण्याचं वंगण लावून डायलेटर, म्हणजे योनीत घालायच्या चढत्या मापाच्या गुळगुळीत कांड्या: सगळ्यात बारीक मापापासून सुरुवात, रोज १० ते १५ मिनिटं, एक माप बिनदुखता जमलं की पुढचं. या काळात संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद, ही अट सगळ्यात जास्त मोडली जाते आणि मग पुन्हा पहिल्या मापावर यावं लागतं. काही आठवडे ते काही महिने लागतात. ‘पडदा कापून टाकू’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडून उठून यावं, कारण दोष बहुतेक वेळा पडद्याचा नसतोच.

आणि इच्छाच नसणं वेगळं. पहिल्यापासून कोणाबद्दलच लैंगिक ओढ नाही, आणि त्याचा त्रासही नाही, तर तो आजार नाही. अशांनी स्थळ बघताना ते स्पष्ट सांगावं. पूर्वी होती आणि गेली, तर मात्र आधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन, साखर तपासा आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरला दाखवा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा जाते. गोळी बदलून काम भागतं, हिमालय गाठावा लागत नाही.

कोल्हापुरी_ठेचा

मुद्द्यावर येऊ. मूल कधीच नको, वय ३०, दोघांचं एकमत. सरकारी दवाखान्यात नसबंदी होईल का?

सुईण_२०

नियमाने नाही. सरकारी निकष असे: विवाहित (घटस्फोटित, विधवा-विधुर चालतात), बाई २२ ते ४९, पुरुष ६० च्या आत, आणि किमान एक मूल, तेही एक वर्षाच्या वरचं. वैद्यकीय कारण असेल तर अपवाद. जोडीदाराची सही निकषात नाही, तरीही मागतात. मूल नसलेल्यांना खाजगीतच जावं लागतं. तिथेही बरेच सर्जन नाही म्हणतात, काही जण समुपदेशन आणि विचाराला मुदत देऊन करतात.

करायची तर पुरुषाची. फरक बघा.

बिनटाक्याची नसबंदी: जागेवर भूल, वृषणाच्या पिशवीवर एक भोक, त्यातून दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या एकेक करून बाहेर काढून छोटा तुकडा कापतात, टोकं बांधतात आणि एका टोकावर भोवतालचं आवरण ओढून मधे आडोसा करतात. या आडोशानेच पुन्हा जुळायचा धोका घटतो, तेव्हा ‘फेशियल इंटरपोझिशन करता का’ हे सर्जनला विचारा. वीसेक मिनिटांचं काम, अर्ध्या तासात घरी. दोन दिवस आराम, लंगोट किंवा घट्ट आतली चड्डी, आठवडाभर जड उचलणं आणि सायकल नाही. सूज, काळंनिळं होणं नेहमीचं. पिशवी फुगत चालली किंवा ताप आला तर ताबडतोब परत.

बाईची: पोट उघडून (मिनिलॅप) किंवा दुर्बिणीने, बीजवाहिन्या कापायच्या किंवा रिंग घालायची. पोटाच्या आत जावं लागतं, भूल मोठी, आतडं किंवा रक्तवाहिनी दुखावण्याचा थोडा का होईना धोका. अपयश पहिल्या वर्षात साधारण दोनशेत एक, आणि फसली तर गर्भ नळीतच राहण्याची शक्यता जास्त. पुरुषाच्या शस्त्रक्रियेचं अपयश साधारण हजारात एक-दोन.

आणि तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली, पुरुषांचा आकडा अर्धा टक्काही नाही.

गिरगाव_चौपाटी

त्या अर्ध्या टक्क्यामागे १९७६ आहे. आणीबाणीत धरून धरून नसबंद्या केल्या त्या मुख्यतः पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. त्यानंतर सरकारने पुरुषांचं नाव टाकलं आणि सगळं बायकांच्या शिबिरांवर गेलं. ‘ताकद जाते’ ही समजूत त्याआधीचीच, पण तिला तेव्हा बळ मिळालं. पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, कापलेल्या नळीतून नाही. वीर्याचं प्रमाणही डोळ्याला कळण्याइतकं घटत नाही.

कोल्हापुरी_ठेचा

आणि शस्त्रक्रियाच नको असेल तर? पुढे मत बदललं तर?

सुईण_२०

मग तांबी. ३८०ए जातीची दहा वर्षं चालते, ३७५ जातीची पाच. मूल न झालेल्या बाईलाही बसवता येते. ‘आधी एक होऊ द्या, मग तांबी’ हा सल्ला जुना. बसवताना जरा जास्त दुखतं एवढंच. पहिले तीन ते सहा महिने पाळी जड जाते, कळा येतात. निसटायची असेल तर बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच निसटते, म्हणून पाळी संपल्यावर दोऱ्याचं टोक बोटाला लागतंय का बघत जावं. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी ते वाढवा.

‘छाया’ गोळी सरकारी केंद्रात मिळते, हार्मोन नसलेली: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. पाळी लांबते, त्याने लोक घाबरून सोडून देतात. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी. ते सोडल्यावर गर्भ राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून ‘पुढच्या वर्षी मूल हवं’वाल्यांनी घेऊ नये.

मत बदलण्याबद्दल: नसबंदी उलटवता येते, पण खात्री नाही, आणि जितकी वर्षं गेली तितकी शक्यता कमी. परत फिरायचा विचार मनात असेल तर नसबंदी करूच नये. ‘बघू नंतर’वाल्या बायकांनी एएमएच तपासणीवर विसंबू नये. ती बीजांचा साठा किती ते सांगते, बीजाचा दर्जा सांगत नाही, आणि दर्जा पस्तिशीनंतर उतरतो. बीजं गोठवायची तर दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन, मग ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, त्यानंतर साधारण ३६ तासांनी भूल देऊन बीजं काढतात. २०२१ च्या कायद्याने साठवण दहा वर्षं. वितळवताना, फळताना, रुजताना दर पायरीला गळती होते. दहा बीजं म्हणजे दहा बाळं नव्हेत.

मांडवी_तीर

मूल नसलेल्यांनी वारसाहक्काचा विचार आजच करावा, हे कोणीच लिहिलं नाही.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, मूल नाही, तर पत्नी आणि आई समान वाटेकरी. फ्लॅट त्याच्या नावावर असेल तर सासू-सुनेच्या नावाने अर्धा अर्धा. हिंदू बाई गेली, मूल नाही, नवराही आधीच गेलेला, तर तिने स्वतः कमावलेलंसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जातं, म्हणजे दिरांकडे, पुतण्यांकडे. तिचे आईवडील त्यांच्यानंतर. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ओमप्रकाश वि. राधाचरण खटल्यात हेच सांगितलं. माहेरून वारशाने आलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. उपाय एकच, दोघांनी वेगवेगळी मृत्युपत्रं. दोन साक्षीदार, शक्यतो तरुण आणि लाभार्थी नसलेले. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाकावी. ‘आम्ही दोघंही एकदम गेलो तर’ हे कलम हमखास राहून जातं. बँकेतलं नॉमिनेशन म्हणजे वारसा नव्हे.

गोव्याचं वेगळं. पोर्तुगीज काळापासून आलेल्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर, लग्न होताच संपत्ती दोघांची सामाईक, निम्मी जोडीदाराची स्वतःचीच. उरलेल्या निम्म्याचं मृत्युपत्रही पूर्ण मोकळं नाही. मूल नसेल आणि आईवडील हयात असतील तर त्यातला अर्धा भाग त्यांच्यासाठी राखीव. सगळं जोडीदाराला लिहून दिलं तरी तेवढं छाटलं जातं. वेगळी व्यवस्था हवी तर करार लग्नाआधी. नंतर बदलता येत नाही.

पाटीलबुवा

एवढं सगळं वाचून सांगतो, आमचा उपाय सोपा होता.

तांबडी_माती

बुवा, तुमच्या उपायाला दोन सह्या लागतात, सेवाग्राम यांनी वर लिहिलंय. बाकी सुईणताई, नसबंदीनंतर लगेच मोकळं का?

सुईण_२०

नाही, आणि ‘नसबंदी फसली’ म्हणतात त्यातल्या बऱ्याच केसेस इथल्याच. कापलेल्या जागेच्या पुढे नळीत शुक्राणू शिल्लक असतात. ते निघून जायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने निरोध किंवा दुसरं साधन. तीन महिन्यांनी वीर्यतपासणी. शुक्राणू दिसले तर दर महिन्याला पुन्हा, सहा महिन्यांपर्यंत. तरीही दिसले तर शस्त्रक्रिया अयशस्वी धरतात. ‘शून्य’ असा अहवाल हातात आल्यावरच निरोध सोडायचा. सरकारी प्रमाणपत्रही त्यानंतरच मिळतं.

कोल्हापुरी_ठेचा

नमुना घरून नेला तर चालतो का? लॅबमधल्या त्या खोलीत कोणालाच जमत नाही म्हणे.

सुईण_२०

चालतो, आधी लॅबला विचारून. दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन नाही. डबी लॅबचीच घ्या, घरची धुतलेली नको, साबणाचा अंश राहतो. साध्या निरोधात गोळा करू नका, त्यातल्या वंगणाने शुक्राणू मरतात. पूर्ण नमुना हवा. पहिला भाग सांडला असेल तर तसं सांगा, कारण शुक्राणू असतील तर बहुतेक त्यातच असतात. तासाभरात पोचवा, डबी खिशात अंगालगत ठेवा, फ्रिज किंवा बर्फ नको. आणि डबीवर नाव, तारखेबरोबर नमुना किती वाजता घेतला ती वेळही लिहा, लॅबवाले ती विचारतातच.